मापाचा ब्लाउज

रविवार, २० जानेवारी २००८. कुंदा, तुझे ब्लाउज उसवत बसले आहे.

सगळे नाहीत. डाव्या बाजूला आतून खिसा लावलेले तेवढेच. परवा तुझा जलदानविधी आटोपल्यावर दाजींनी गाठोडं माझ्या हातात दिलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बघा याचं. मला बायकांच्या कपड्यांतलं काय कळतंय?" साड्या वाटून झाल्या. ब्लाउज द्यायचे तर खिसे काढावे लागतील, नाहीतर घेणारी विचारणार, हे काय? मग मला सांगत बसावं लागेल. म्हणून पातं घेऊन बसले आहे. तुझी टीप बारीक. उसवणाऱ्याचा जरा विचार करायचास.

खिशांतून मोहरी निघते आहे. ऑपरेशननंतर इस्पितळातल्या बाईंनी तुला ते तयार, रबरासारखं मिळतं ते दाखवलं होतं. तू हातात धरून दाबून बघितलंस आणि परत केलंस. "थंड लागतं. मेलेल्या माशासारखं." मग घरी प्रयोग. कापूस भरला, तो वर वर सरकायला लागला. तांदूळ भरले, त्यांना किडे झाले. शेवटी मोहरी. "मोहरी अंगासारखी गरम होते विजू, आणि वजन बरोबर बसतं. वजन बसलं नाही तर खांदा एकीकडे जातो." आयुष्यभर उल्हासनगरच्या बायकांचे ब्लाउज शिवलेस, स्वतःचं फिटिंग तरी कसं चुकू देशील?

ती मोहरी आता स्टीलच्या वाडग्यात जमली आहे. मिसळणाच्या डब्यात परत घालवत नाही, टाकवतही नाही. टेबलावर आहे. असू दे.

मी रडले नाही, हे तुला कुणीतरी सांगितलंच असतं, म्हणून मीच सांगते. आलेल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी चहा किती जणांना लागेल ते बघत होते. मला काही होतच नाहीये. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल असतो ना, आहे पण आपला नाही, तसं. उतरेल कधीतरी.

एकदाच आत उठून गेले. तुझ्या धाकट्या जाऊबाईंनी रमाला जवळ ओढलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी अगदी आत्याच्या वळणावर गेलीय हो. चाल बघा, बोटं बघा. कुंदाच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझी मुलगी, तुझी भाची, बावीस वर्षांची, पांढऱ्या कपड्यांत उभी होती. हे बोलणं आपण जन्मभर ऐकलं, तू तर ऐकून फुगायचीस. त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही. का, ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. दुसरी माहीत असणारी तू.

आपलं नातं तसं तूच जुळवलंस. अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समधली शाळा, एक बाक, तू खिडकीकडे आणि मी तुझ्या कोपराच्या माऱ्यात. मग एके दिवशी म्हणालीस, "आमच्या मिलिंददादाशी लग्न कर. दुसरी कुणी आली तर माझ्याशी भांडेल. तू भांडलीस तर मला सवय आहे." असं मागणं कुणाला येतं? मी हो म्हटलं. त्यानंतर तू मला विजूच म्हणायचीस आणि फक्त राग आला की वहिनी. "वहिनी" ऐकलं की मला कळायचं, आता काहीतरी खरं बोलणं होणार आहे.

रमाच्या नामकरणाला तू जे केलंस ते मी अजून ह्यांना पुरतं माफ करू दिलेलं नाही. ह्यांनी यशोधरा ठरवलं होतं. बुद्धवंदना झाली, सगळे पाळण्याभोवती. नाव आत्यानं कानात सांगायचं, तेवढी रीत आपण ठेवली होती. तू वाकलीस, पोरीच्या कानाला तोंड लावलंस आणि उभी राहून सगळ्यांना सांगितलंस, "रमा!" ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. बायकांनी रीतीप्रमाणे तुझ्या पाठीत धपाटे घातले, त्यात एक माझ्या सासूबाईंचा मनापासूनचा होता. तू ओरडलीस, "मारा, मारा, आता कानात गेलं ते निघतंय थोडंच!" मी पलंगावर हसत होते आणि टाके दुखत होते.

कानात गेलं ते निघत नाही. हे तुझंच वाक्य आहे, लक्षात ठेव.

गाठ तुझी तुलाच सापडली होती. तुझ्या स्वतःच्या ब्लाउजची एक बाजू ओढायला लागली. तू म्हणालीस, कुणाच्याच दोन बाजू सारख्या नसतात, आणि छातीवरचा टक्स सैल केलास. मग पुन्हा सैल केलास. बाकीचं ऑपरेशन, केमो, केस, ते सगळं मी इथे लिहीत नाही. ज्यांनी बघितलं त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांनी बघून काय करायचंय.

पण पेढ्यांचं लिहिते. गाठीचा दुसरा रिपोर्ट आला, तेव्हा दाजींचा फोन आला होता. "वहिनी, तिन्ही टेस्ट निगेटिव्ह! तिन्ही! पेढे घेऊनच येतो." मला तरी कुठे माहीत होतं? एड्स निगेटिव्ह चांगला, कावीळ निगेटिव्ह चांगली, मग हेही चांगलंच असणार. ह्यांनी फॅक्टरीत सांगून टाकलं. पेढे खाल्ले आपण. दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावलं, की छातीचा कॅन्सर हा एक रोग नाही, एका नावाखाली राहणारे वेगवेगळे रोग आहेत. काही गाठी बायकांच्या अंगातल्या दोन हार्मोनांवर वाढतात, त्या गोळी देऊन उपाशी ठेवता येतात. काहींच्या अंगावर एक ठरावीक प्रथिन जास्त असतं, त्याच्यावर नेम धरून मारणारं इंजेक्शन आता निघालं आहे. तुझ्या गाठीवर या तिन्हींतलं काहीच नव्हतं. औषध धरणार कशाला? केमो तेवढा हातात. लागू पडला तर छान पडतो, पण ही जात उलटली तर लवकर उलटते.

मी ते ऐकून घेत होते. तुला लगेच समजलं. "म्हणजे त्यांच्याकडे हुक आहेत, पण माझ्या गाठीला काजंच नाहीत."

डॉक्टर म्हणाले, बरोबर.

बाहेर आल्यावर तू दाजींना म्हणालीस, "पेढे मात्र चांगले होते." दाजींनी त्यानंतर पेढा तोंडात घातलेला मी बघितला नाही.

तुला सगळ्यांत जास्त लागलं ते देवीभाभीचं. उल्हासनगर कॅम्पातल्या तिच्या मॅचिंगच्या दुकानातून तुला गिऱ्हाइकं यायची, तिचे स्वतःचे ब्लाउज तूच शिवायचीस. तुझ्या आधी दोनतीन महिने तिचंही हेच ऑपरेशन झालं. ते झालं तेव्हा तिच्या खाटेशी तूच जाऊन बसली होतीस. तिची गाठ तुझ्याहून मोठी होती. तिच्या गाठीला काजं होती. ती रोज एक गोळी घेते, दुकानात बसते, गिऱ्हाइकाशी भांडते. "तिला गोळी आणि मला ठेंगा. माझ्यात नि तिच्यात फरक काय? ती तर पापड पण तळून खाते." मी म्हटलं, तुझा रोग वेगळा, तिचा वेगळा. तू म्हणालीस, "छाती एकच होती ना?"

भाभी तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी आली होती. दारातच बसली, आत येईना. "अदी ने मेरा हाथ पकड़ा था. बोली, भाभी, डरने का नहीं, मैं बैठी हूँ. अब मैं बैठी हूँ और अदी नहीं. मैं किस मुँह से अंदर आऊँ?" सिंधीत मोठ्या बहिणीला अदी म्हणतात हे तू मला सांगितलं होतंस, आणि भाभी तुझ्यापेक्षा मोठी असून तुला अदी म्हणायची याची तुला गंमत वाटायची. मी तिला हाताला धरून आत आणलं. म्हटलं, "भाभी, गोली टाइम पे लो. बाकी कुछ मत सोचो." हे बरं बोलले का वाईट, मला कळलं नाही. तिनं मान हलवली.

आता आपल्या भांडणाचं.

तुझं वय कमी आणि गाठ या जातीची, म्हणून डॉक्टरांनी मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात आपल्याला घराण्याची माहिती घेणाऱ्या मुलीकडे पाठवलं. चष्मेवाली, सावकाश बोलणारी. तिनं मोठा कागद पुढे ओढला. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, असं ती समजावून सांगायला लागली.

"पुरुष चौकोनी, बरोबर आहे," तू म्हणालीस. "कुठूनही लागतातच."

तिला हसू आवरेना. मग तिनं विचारलं, "घरात कुणाला होता का कॅन्सर?"

"नाही बाई. घरात कुणाला नाही. सासूबाई शुगरनं गेल्या. मोठ्या जाऊबाईंना थायरॉईड. धाकटी धडधाकट आहे, नुसती तोंडानं आजारी."

मुलीचं पेन दोन गोल काढून थांबलं. "काकू, हे सासरचं झालं. मला तुमच्या घरचं हवंय."

"तेच सांगतेय ना. हेच माझं घर."

"म्हणजे रक्ताचं."

"घ्या! लग्न झाल्यापासून त्यांच्या घरी रक्त आटवतेय, आणि त्यांचं रक्त नाही म्हणे माझ्यात."

हसलो आपण तिघी. मग मीच म्हटलं, "कुंदा, तुमची ती आत्या? जांभूळची?"

"सोनाआत्या? ती आमच्या घरची कुठे? ती जांभूळला दिलेली."

मुलीनं विचारलं, "कशानं गेल्या त्या?"

"पाण्यानं."

"बुडून?"

"नाही हो. तिथलं पाणी बाधलं तिला. आमची आई सांगायची. गाठ झाली होती."

"कुठे?"

तू हात उचललास आणि तुझ्याच डाव्या बाजूला, मोहरीवर ठेवलास. ठेवल्यावर तुला कळलं. हात तिथेच राहिला. मुलगी खाली बघून कागदावर एक गोल काळा करत होती.

जांभूळहून नळाला येणारं पाणी पिऊन अर्धं अंबरनाथ जगतं, हे तुला मला दोघींना माहीत होतं. आईंनी सांगितलं म्हणून आपण कधी विचार केला नाही. त्या मुलीनं पुढे विचारलं, वडिलांच्या वडिलांना बहीण होती का? होती, पण लग्न करून दिल्यावर काही वर्षांत गेली, एवढंच तू ऐकलेलं. तिचं नावही माहीत नाही. कागदावर तो गोल नावाशिवायच राहिला.

त्या कागदाकडे बघताना मला पहिल्यांदा दिसलं. मुलगी दिली की तिचा ताप, तिची गाठ, तिचं मरण सगळं त्या घरच्या खात्यात. त्या घरचे म्हणतात, माहेराहून घेऊन आली. म्हणजे ती गाठ कुठल्याच घराची नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकेक आत्या अशी बाहेरच्या बाहेर जात राहिली आणि आपण म्हणत राहिलो, आमच्या घरात कुणाला नाही.

"पण आत्या तर बापाकडची," तू त्या मुलीशी वाद घातलास. "बापाकडून हे कसं येईल? बापाला कुठे छाती आहे?"

ती म्हणाली, बापालाही क्वचित होतो. पण बहुतेक वेळा त्याला काही न होता तो पुढे देतो. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून मुलीकडे. प्रत्येक वेळी छापा-काटा.

जिना उतरताना तू म्हणालीस, "बाबांनी मला लग्नात शिलाई मशीन दिलं आणि हे दिलं. मशीन अजून चालतंय."

रक्त द्यायला तू नाही म्हणालीस. तेव्हा केमो संपला होता, केस परत येत होते, तुला त्या इमारतीचं तोंड बघायचं नव्हतं. "मी बरी आहे. मला कशाला?" त्या मुलीनं फोनवर नीट सांगितलं. तुमच्यासाठी नाही, मागच्यांसाठी. पुस्तकाएवढ्या मजकुरात एक चुकलेलं अक्षर शोधायचं असतं. जिला आजार झाला तिच्यात ते आधी सापडलं, तर बाकीच्यांत नेमकं तेवढंच बघता येतं. तिच्याशिवाय बाकीच्यांचं रक्त तपासलं आणि काही दिसलं नाही, तर ते खरंच नाही की आपल्याला शोधता आलं नाही, हे खात्रीनं सांगता येत नाही.

तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "म्हणजे मी मापाचा ब्लाउज."

तिला समजलं नाही. तू तिला समजावलंस. गिऱ्हाईक नवीन कापड देताना एक जुना ब्लाउज मापाला देतं. तो फाटका असला, विटलेला असला तरी चालतं. तो समोर ठेवून टेलर नवीन बेततो. मापाचा ब्लाउज हरवला तर कापड कितीही चांगलं असू दे, सगळा अंदाज.

दुसऱ्या आठवड्यात तू उजवा हात पुढे केलास. डावा ऑपरेशनच्या बाजूचा, त्याला सुई चालत नव्हती, उजव्याच्या शिरा केमोनं वाळून गेलेल्या. ती मुलगी शीर शोधता शोधता घामाघूम झाली. "घाई करू नको," तू तिला म्हणालीस, "मी काय कुठे जात नाही."

निकालाला बरेच महिने लागले. तोवर तू जायला निघालीच होतीस. फुप्फुसात उतरलं होतं. आपण दोघीच गेलो. तिनं सांगितलं, सापडलं. तू म्हणालीस, "बरं झालं. एवढं टोचलं ते फुकट नाही गेलं." मग तिनं पुढचं सांगितलं. भावाला आपलं रक्त तपासून घेता येईल. त्याच्यात नसलं तर इथेच संपलं, रमा इतर कुठल्याही मुलीसारखी. त्याच्यात असलं तर रमाचा पुन्हा छापा-काटा. आणि तिच्यात असलं तर वाट बघत बसायचं नाही. लवकर तपासण्या सुरू करायच्या, नेमानं, गाठ बोटाला लागण्याआधी. पुढे मुलंबाळं झाल्यावर काय काढायचं, काय ठेवायचं, याचाही विचार करता येतो. पण कुणी काय तपासायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. रमाचं रमानं.

परत आल्यावर बदलापूर स्टेशनबाहेर आपण उसाचा रस प्यायला थांबलो. तुला दम लागला होता. ग्लास अर्धा संपल्यावर तू म्हणालीस, "रमाला आत्ता सांगायचं नाही. लग्न होऊ दे आधी."

"का?"

"मार्चमध्ये बघायला येणार आहेत. मी जमवलंय ते. चांगला मुलगा आहे. रंग, उंची, शिक्षण, नोकरी, सगळं विचारतात. आता रक्तही विचारू देत की काय?"

"विचारलं तर सांगू."

"सांगू? वेडी झालीस? असला संबंध परत येईल का? आणि पोरगी एक दिवस सुखानं झोपेल का? मला बघ. कळलं नव्हतं तोवर मी मजेत होते."

"कळलं नव्हतं म्हणून तू दोनदा टक्स सैल केलास, कुंदा."

त्यावर तू ग्लास खाली ठेवलास. मीही कडू बोलले, पण खरं होतं.

"नसेलही तिच्यात," मी म्हटलं. "तिच्या बापातच नसेल. तपासलं तर सुटली ना?"

"आणि असलं तर?"

"असलं तर आधी कळेल."

"लग्न झालं की ती त्या घरची. मग काय सांगायचं ते सांग."

"आणि मग तिची गाठ त्यांच्या घरची. सोनाआत्यासारखी. असंच ना?"

रसवाला आपल्याकडे बघायला लागला होता. तू रसाचे पैसे दिलेस. मग म्हणालीस, "तोंड सांभाळ, वहिनी."

तुझं चुकत होतं असं मी आजही म्हणत नाही. ती तुझीही मुलगी होती. तुला मूल झालं नाही तेव्हा लोक तुला काय काय बोलले हे मी ऐकलं आहे. लग्नाच्या बाजारात बाईच्या अंगाची झडती कशी घेतात ते तू भोगलंस, मी नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मला तू मागणी घातली होतीस, मला कुणी चालून दाखव म्हटलं नाही. म्हणून तुझी भीती मी हसण्यावारी नेली नाही. फक्त मला ती पटली नाही.

शेवटचं नीट बोलणं तुझ्या घरी झालं. उशांना टेकून बसवलं होतं तुला, एकेक शब्द श्वासागणिक.

"सांगणार नाहीस ना?"

"बघू."

"बघू म्हणजे काय?"

"बघू म्हणजे बघू."

"तुझं बघू मला शाळेपासून माहीत आहे."

तेवढ्यात दाजी पेज घेऊन आले आणि विषय राहिला. नंतर तू बोलण्यासारखी नव्हतीस. पण त्याआधी, पेज संपल्यावर, वेळ होता. अर्धा तास तरी मी तिथेच होते. तुला माझं बघू माहीत होतं. परीक्षेत तू उत्तर दाखव म्हणायचीस, मी बघू म्हणायचे, आणि कधीच दाखवलं नाही. मग तू परत का विचारलं नाहीस? शपथ का घातली नाहीस? तुझी शपथ घातली असतीस तर मी अडकले असते, हे तुला पक्कं ठाऊक होतं. तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "पंखा जरा बारीक कर."

मी या अर्ध्या तासावर पुष्कळ विचार केला. दमली असशील. विसरली असशील. किंवा मला मोकळं सोडलंस. ठरवता येत नाही. तू असतीस तर भांडून काढून घेतलं असतं.

आभार वगैरे तुझे मी कधी मानले नाहीत. नवरा दिलास, मुलीला नाव दिलंस, माझे सगळे ब्लाउज शिवलेस आणि एकही कधी आखूड झाला नाही. पण वाळलेल्या शिरांचा तो हात तू पुढे केलास, ते सगळ्यांत मोठं. मेलेल्या माणसाचं रक्त नंतर मागता येत नाही. सोनाआत्याचं मागता आलं नाही.

खिसे सगळे उसवून झाले. एक ब्लाउज तेवढा तसाच ठेवला आहे. हिरवा, बुंदक्यांचा. त्यातली मोहरीही काढली नाही.

काल इथवर लिहून थांबले होते. आज सोमवार. सकाळी ह्यांना म्हटलं, फॅक्टरीत जरा उशिरा जा. रमा ऑफिसला निघत होती, तिला म्हटलं, बस. चहा दिला आणि सांगितलं. तुझ्या गाठीची जात, सोनाआत्या, ती चुकलेल्या अक्षराची गोष्ट, सगळं. मी भाजीवाल्याचा हिशेब सांगते तशीच सांगत गेले, दुसरी पद्धत मला येत नाही. रमाची बोटं वाडग्यातल्या मोहरीत फिरत होती.

हे म्हणाले, "पण मला तर काही झालेलं नाही."

"तेच तर. तुमच्या बाबांनाही काही झालं नव्हतं."

ते आपल्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "कुंदाला मी दिलं नाही ना?" एवढा शिकलेला माणूस. मी म्हटलं, "नाही हो. तुम्ही भाऊ आहात, बाप नाही. दोघांच्या पदरात पडलं असलं तर एकाच ठिकाणाहून पडलं." मग ते तोंड धुवायला उठून गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

रमानं विचारलं, "आत्या सांगू नको म्हणाली असेल."

"हो."

"आणि तू?"

"मी बघू म्हटलं."

"मग काय, सांगणारच होतीस." ती थोडी हसली. तुझ्यासारखीच, एका बाजूनं. मग तिनं विचारलं, "मार्चमध्ये येणार आहेत त्यांना?"

"ते तू ठरव. आधी बाबांचं रक्त. मग तुझं, तुला हवं असेल तर. नको असेल तर नको."

तो हिरवा ब्लाउज तिनं उचलला, खिशातली मोहरी एका बाजूला खाली ओघळली. उभी राहून तिनं तो ड्रेसवरूनच खांद्यांना लावून बघितला. खांद्यात बरोबर बसतो.

"हा मी ठेवते," म्हणाली आणि घडी करून पर्समध्ये घातला. मग ऑफिसला गेली.

मी इस्पितळाला फोन लावला. ती चष्मेवाली मुलगी रजेवर होती, दुसरी कुणीतरी नवीन बोलत होती. म्हटलं, माझ्या नवऱ्याचं रक्त तपासायचं आहे, दिवस द्या. तिनं नाव लिहून घेतलं, वय लिहून घेतलं. मग विचारलं, "घरात कुणाला होता का?"

"हो," मी म्हटलं. "आमच्या घरात होता. आमच्या कुंदाला. त्याच्या आधी आमच्या सोनाआत्याला. आणि त्याच्या आधी अजून एकीला, तिचं नाव आम्हाला माहीत नाही, पण तीही आमच्याच घरची. तिघींना धरा."

पलीकडून ती म्हणाली, "एक मिनिट हं, लिहून घेते."

मी थांबले.